काठीचं आल्टरेशन

मंगळवारी दुपारी, बायको जेवून जरा आडवी झालेली असताना, मास्टरांनी ठरवलं की तिची काठी पाव इंचाने कमी करायची. आता पाव इंच म्हणजे काय हो? शिंप्याच्या लेखी पाव इंच ही वस्तूच नाही. शिलाईत दबून जातो, धुण्यात आटून जातो, चार घास जास्त झाले तर पोटावर जिरून जातो. म्हणून मास्टर निर्धास्त होते. (निर्धास्त मास्टर हे काय प्रकरण असतं ते त्यांच्या बायकोला विचारावं. पण ती झोपली होती.)

मास्टरांचं दुकान पुढे, घर मागे आणि दोन्हींच्या मध्ये कापड कापायचं लांबलचक टेबल. सव्वीस वर्षं त्या टेबलाशी उभं राहून गल्लीतल्या प्रत्येक माणसाचे पाय त्यांना पाठ झाले होते. त्यातून त्यांना एक गुपित कळलं होतं, की माणसाचे दोन पाय सहसा एकसारखे नसतात. कुणाचा डावा बोटभर आखूड, कुणी एका कुशीवर कललेला, कुणाची टाच फेंगडी. माप घेताना असं काही दिसलं की मास्टर तोंडातून अवाक्षर काढत नसत. मापाच्या वहीत त्या पायापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पँटचा तेवढा पाय गुपचूप आखूड शिवायचा. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहून म्हणायचं, "मास्टर, तुमच्या हातची पँट कशी सरळ पडते बघा!" मास्टर खाली मान घालून हसायचे. माणसाला त्याचं वाकडं सांगू नये, कापडाला सांगावं, हा त्यांच्या धंद्यातला नियम. नियम चांगलाच होता. फक्त तो काठीला लावायला नको होता.

काठी घरात आली त्याला कारण एक कोट. तीन महिन्यांपूर्वी बायको एका साहेबांचा इस्त्री केलेला कोट पोचवायला निघाली आणि दुकानाच्या पायरीवरून घसरली. पडता पडताही तिने हँगर उंच धरला. डावा पाय गुडघ्याखाली मोडला, पण कोटाला एक सुरकुती नाही. मास्टर धावत बाहेर आले आणि घाबरून त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कोट!"

(तो शब्द पुढे घरात फार ऐकू आला. चहात साखर कमी पडली तरी बायको म्हणायची, "राहू द्या, कोटात साखर बरोबर होती ना? मग झालं.")

प्लास्टर चढलं, प्लास्टर उतरलं, हाड शिवण घातल्यासारखं नीट जुळून आलं. मग दर शुक्रवारी घरी एक बाई येऊ लागल्या. चालायला शिकवणाऱ्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. असाही काही धंदा असतो हे मास्टरांना ठाऊकच नव्हतं.

"चालायला काय शिकवायचं त्यात?" ते म्हणाले. "पोर वर्षाचं झालं की आपसूक चालतं."

"काका, पोर चालत नाही, पडतं," त्या बाई हसून म्हणाल्या. "आणि मोठी माणसंही पडतच असतात. पाऊल टाकताना आपण पुढे पडतो आणि पुढचा पाय आपल्याला झेलतो. दिवसभर हेच चाललेलं असतं. काकूंचा आता त्या झेलणाऱ्या पायावर भरवसा राहिला नाहीये, एवढंच."

मग त्यांनी काकूंना उभं केलं, मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, चौतीस इंच, आणि काठी उजव्या हातात दिली. मास्टरांना राहवेना. "मोडला डावा पाय आणि काठी उजव्या हातात? उलटं झालं की काय?"

"उलटं नाही. डावा पाय टेकला की उजवी बाजू अधांतरी होते. तिला टेकू लागतो. तुम्हीसुद्धा डावा पाय टाकताना उजवा हात पुढे नेता की नाही?"

हे ऐकलं आणि मास्टरांची चाल गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी शिवलेले कपडे पोचवायला ते निघाले (आता पोचवणार कोण? तेच.) आणि रस्त्यात त्यांना आठवलं, डावा पाय, उजवा हात. आधी टाच, मग तळवा, मग बोटं. झालं! आयुष्यात पहिल्यांदा पायांकडे लक्ष गेलं आणि पाय बुजले. डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जायला लागला. सुधारायला गेले तर दोन्ही हात एकदम पुढे. कोपऱ्यावरचा सुतार, मास्टरांचा जुना दोस्त, रंधा मारायचं थांबवून बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, कवायत करतोयस की पोहतोयस?"

पण त्या पंधरा दिवसांच्या पोचवापोचवीने मास्टरांना दुसरंच काही शिकवलं. एका ठिकाणी तीन जिने. एका ठिकाणी चढ. एका आजीबाईंच्या घरी सगळी आळी ओलांडून जावं लागे आणि आजीबाई दार उघडून आधी मास्टरांच्या पाठीमागे बघत. "आज ती नाही आली? बरी आहे ना? ती आली की माझ्या सुईत दोरा ओवून देते हो." जिकडे जावं तिकडे हेच. कुणाच्या बाळाला ती उचलून घेई, कुणाचं पत्र टाकून येई, फिटिंग कुठे सैल आणि कुठे घट्ट ते तिथल्या तिथे टाचणीने टोचून आणी. मास्टर सव्वीस वर्षं मशीनवर बसून पायडल मारत होते आणि "दुकान मी चालवतो" असं चारचौघांत सांगत होते. मशीन जागच्या जागी असतं हो. चालत होती ती. तिसऱ्या जिन्यावर दम खात बसले असताना मास्टरांना हे कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. घरी जाऊन तिला हे सांगायचं ठरवलं. घरी गेले आणि म्हणाले, "तो जिना फार उंच आहे गं."

"हो का?" बायको म्हणाली. "मला वाटलं, माझ्या वेळी ठेंगणा होता."

त्या शुक्रवारी बाईंनी मास्टरांना दारापर्यंत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, पाय ठणठणीत आहे. काठीची गरज संपली. पण काकू सोडत नाहीत. मी हात लावला तरी घट्ट धरतात. अजून महिनाभर असंच चाललं तर सवय जडेल आणि मग ती काठी जन्माची. मी आता दोन शुक्रवार गावाला जातेय, तिसऱ्या शुक्रवारी येते. तोवर जरा बघा. रागवू नका, घाई करू नका, हळूहळू."

जन्माची काठी! मास्टरांच्या पायांखालची जमीन सरकली. संध्याकाळी त्यांनी विषय काढून पाहिला. "दोन पावलं टाकून बघतेस का, बिनकाठीची? मी आहे ना इथे."

"तुम्ही त्या दिवशीही होतात."

 मास्टर हातातली पँट उलटसुलट करू लागले. पण ती पुढे जे बोलली ते त्यांच्या काळजात रुतलं. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "पाय उचलला की वाटतं, खाली जमीन नसेलच." ही बाई, जिने पडताना कोट वाचवला, तिला जमीन नसेल असं वाटत होतं.

तर अशी ती पाव इंचाची मूळ कथा. मास्टरांचा विचार साधा होता. रोज पाव इंच कमी करायची. एके दिवशी काठी इतकी आखूड होईल की हातच पोचणार नाही, आणि बायको आपली चालत राहील. तिला सांगायचं नाही, काठीला सांगायचं. बाईंनीच म्हटलं होतं ना, हळूहळू?

सुताराकडून बारीक दातांची करवत आणली. काठीच्या टोकाची रबरी टोपी काढली, खडूने रेघ मारली, दोनदा मोजून एकदा कापलं, कडेला पॉलिश पेपर मारला आणि टोपी परत बसवली. काम इतकं सुबक झालं की हे कौतुक सांगावं कुणाला असं त्यांना होऊन गेलं. बायको उठली, काठी घेऊन पाणी प्यायला गेली. काही कळलं नाही. मास्टर खूश. बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा.

सोमवारी बायको टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी उजवीकडे कललेय का?"

"छे!"

"कललेय. आणि कमरेत भरून आलंय." तिने दोन्ही पायांकडे आळीपाळीने पाहिलं. मग एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, माझा डावा पाय वाढत तर नाही ना?"

"या वयात?"

"मोडलेलं हाड जुळताना जास्त वाढलं असेल तर?"

इथे कोणत्याही शहाण्या माणसाने सांगून टाकलं असतं. मास्टरांनी टेप काढली. गंभीर चेहऱ्याने दोन्ही पायांचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "अगदी सारखे आहेत." ते खरंही होतं. पण चोराच्या मनात चांदणं, म्हणून त्यांनी ते इतकं घाईघाईने सांगितलं की बायकोला वाटलं, हे काहीतरी लपवतायत. तिचा चेहरा उतरला. रात्री नीट जेवली नाही.

आता कललेलं माणूस सरळ करणं हे तर मास्टरांच्या हातचं काम. मंगळवारी दुपारी त्यांनी तिच्या उजव्या चपलेत कोटाच्या खांद्यात घालतात तसल्या पॅडिंगचे दोन थर चिकटवले. उजवी बाजू वर उचलली गेली. मग डावी बाजू खाली गेल्यासारखी वाटू लागली. बुधवारी बायको म्हणाली, "आता पाय आखूड झालाय!" म्हणून गुरुवारी डाव्या चपलेत तीन थर. दोन्ही बाजूंनी उंच झाल्यावर आखूड काठी आणखीच आखूड पडू लागली, आणि मास्टर तर रोजचा पाव इंच इमानेइतबारे कापतच होते, कारण एकदा माप ठरलं की मध्येच सोडायचं नाही! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. चपला उंच, काठी बुटकी, आणि त्या दोहोंच्या मध्ये त्यांची बायको, घरातल्या घरात टेबल धरून, भिंत धरून, एखाद्या होडीसारखी डोलत फिरत होती. पूर्वी ती निदान दारापर्यंत जायची. आता तेही बंद झालं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिने मास्टरांना जवळ बसवलं. "मी आता चालेन असं काही मला वाटत नाही," ती म्हणाली. "तुम्ही पोचवायला एखादं माणूस ठेवा. त्या आजीबाईंना सांगा, सुईत दोरा ओवायला दुसरं कुणी बघा म्हणावं."

मास्टर उठून दुकानात आले आणि मशीनवर डोकं टेकून रडले. करवत सुताराला परत केली. सुतार म्हणाला, "झालं का रे काम?" मास्टर म्हणाले, "काम तमाम झालं." सांगून टाकावं असं शंभर वेळा ओठांवर आलं. पण रोज वाटे, शुक्रवारी बाई येतील, काहीतरी करतील. त्या बाईंइतकी वाट त्यांनी कुणाचीच पाहिली नव्हती.

शुक्रवारी बाई आल्या. काकूंना चालायला सांगितलं आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या खाली बसल्या, गुडघा पाहिला, घोटा पाहिला, कंबर पाहिली. "पाय उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही अशा वाकता का काकू? थांबा, चपला काढा बरं. हे काय आहे आत?"

"चपलेच्या आत?" काकूंनी वाकून पाहिलं. "कोटाच्या खांद्यातलं दिसतंय."

मास्टर एकदम एका पँटची काजं करायला लागले. (ती पँट आधीच तयार होती. चौदा बटणांची पँट गल्लीत त्या दिवसापासून प्रसिद्ध आहे.)

बाईंनी काठी काकूंच्या मनगटाशी धरली. मग वही काढली. "मी चौतीसची दिली होती. ही..." त्यांनी टेबलावरची टेप उचलून लावली. "साडेएकतीस! अडीच इंच गेले कुठे?"

 मास्टर घसा खाकरून म्हणाले, "लाकूड आहे. आटलं असेल."

बाईंनी रबरी टोपी काढली आणि टोक निरखून पाहिलं. "आटलं कसलं? कापलंय कुणीतरी. आणि कापलंय तेही कसं, ओबडधोबड!"

"ओबडधोबड?" मास्टर ताडकन उभे राहिले. सव्वीस वर्षांत त्यांच्या फिनिशिंगला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "नीट बघा मॅडम! दहा वेळा कापलंय, दहाही वेळा पॉलिश पेपर मारलाय! एक कुसळ लागलं हाताला तर मला सांगा!"

आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो.

बायको सावकाश त्यांच्याकडे वळली. "दहा वेळा?"

"पाव-पाव इंच," मास्टर क्षीण आवाजात म्हणाले. हा खुलासा केल्याने काही सुधारेल असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

"मी रात्र रात्र जागी होते! पाय वाढला, पाय आखडला म्हणून देवाला हात जोडत होते! आणि तुम्ही टेप घेऊन माझी मापं काढत होतात?" तिने बाईंच्या हातातून काठी हिसकली, डोक्यावर उगारली आणि निघाली. "थांबा तुम्ही! आज तुमचंच आल्टर करते!"

मास्टर टेबलाच्या पलीकडे पळाले. ती टेबलाला वळसा घालून मागे. मास्टर अलीकडे आले, ती अलीकडे. बाई मध्ये पडायला धावल्या आणि जागीच थबकल्या. त्यांचं लक्ष काठीकडे नव्हतंच. त्या काकूंच्या पायांकडे बघत होत्या. अनवाणी, टाच, तळवा, बोटं. टाच, तळवा, बोटं. डावा हात मोकळा झुलतोय. कंबर एका रेघेत, जशी काही दोरीवर वाळत घातलेली.

"काका, थांबू नका!" बाई ओरडल्या. "मागे सरा! आणखी मागे!"

"अहो, पण ती..."

"वळणावर या! मला वळताना बघायचंय!"

मास्टर वळले. पाठीवर एक रट्टा बसला. साडेएकतीस इंचाच्या काठीला जेवढी लांबी उरली होती तेवढीच ती पोचली, म्हणजे बरोबर पोचली. मास्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तेही आता खाली बघत होते. मग त्यांनी पळायचंच सोडलं आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"लागलं का?" बायकोने काठी उगारलेली तशीच ठेवून घाबरून विचारलं.

"तू चालतेयस," मास्टर म्हणाले.

बायकोने खाली पाहिलं. दोन्ही पाय जमिनीवर, काठी हवेत आणि आजूबाजूला धरायला ना टेबल, ना भिंत. एक क्षण तिचा चेहरा पांढरा पडला आणि मास्टरांना वाटलं, आता पडेल. ते पुढे झाले. पण ती पडली नाही. तिने मुद्दाम डावा पाय उचलला, जरा थांबून पुढे टाकला आणि त्याच्यावर सगळा भार दिला. पायाने झेललं. "जमीन आहे की हो खाली," ती म्हणाली, आणि मग हसत की रडत, काय ते तिलाच माहीत, पण तिने काठी टेबलाखाली भिरकावून दिली.

"सत्तावीस पावलं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यातली दोन वळणावरची. मी इतक्या शुक्रवारांत जे करू शकले नाही ते..." 

त्या दिवशी मास्टरांनी सगळं सांगितलं. जिन्याचं, आजीबाईंचं, तिसऱ्या जिन्यावर बसून डोळे भरून आल्याचं. "सव्वीस वर्षं मी बसून राहिलो आणि तू चालत राहिलीस," ते म्हणाले. "मी एकदाही विचारलं नाही, पाय दुखतात का म्हणून. तुझे उपकार आहेत माझ्यावर. काठी कापली ते चुकलंच, पण तू कायमची बसलीस तर मी काय करू, या भीतीने कापली." बायको उठून तेलाची बाटली घेऊन आली. मग तिने विचारलं, "पाठीला तेल लावू का?" आणि लावलंही, चांगलं चोळून, जिथे रट्टा बसला होता तिथे जरा जास्तच जोरात.

महिन्याभराने शेवटच्या तपासणीला दोघं बाईंच्या दवाखान्यात गेले, पायी. चढ आला तेव्हा मास्टरांना धाप लागली आणि बायको थांबून त्यांची वाट बघत उभी राहिली. येता-जाता तिला चौघं-पाचजण भेटले, प्रत्येकाने हात धरून विचारपूस केली, आणि मास्टर मागे पिशवी धरून उभे राहिले. त्यांना इतकं बरं वाटत होतं की ती पिशवी आणखी चार मैल धरायलाही ते तयार होते.

बाईंनी तिला चालवून पाहिलं, जिना चढवून पाहिला आणि मग फाइलमध्ये शेवटचा शेरा लिहिला. इतक्या दिवसांची मेहनत, आपल्याबद्दल दोन चांगले शब्द असणारच, अशा खात्रीने मास्टर म्हणाले, "वाच ना मोठ्याने."

बायको वाचायला लागली. "चाल उत्तम. काठी बंद. कोणत्याही आधाराची गरज नाही. पुन्हा कधी भीती वाटल्यास पतीस दहा पावलांवर समोर उभे करावे. तो दिसताच रुग्ण आपोआप चालू लागते."

मास्टरांनी दोनदा ऐकून घेतलं. मग त्यांची छाती फुगली. "म्हणजे बघ! शेवटी माझा उपयोग झाला की नाही?"

"झाला ना," बायको फाइल मिटत म्हणाली. "शेतात बुजगावण्याचाही होतो."